वारं येऊन गेलं? मग तर आजच दवाखाना गाठा

'अंगावरून वारं गेलं' हा शब्दप्रयोग आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. अर्धांगवायू, लकवा, पक्षाघात ही त्याचीच नावे. पण कधी कधी हात दहा-पंधरा मिनिटे लुळा पडतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. त्याला आपण काहीच नाव देत नाही. 'अशक्तपणा असेल' म्हणून सोडून देतो. आजचा लेख या सोडून दिलेल्या पंधरा मिनिटांविषयी आहे.

ही चूक माझ्याकडूनही झाली आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. साखर कारखान्याचा पट्टा पडायचे दिवस होते. साठीच्या आसपासचे एक शेतकरी दवाखान्यात आले. रोज दोन बंडल बिड्या ओढणारे आणि गावच्या भजनात पुढे उभे राहून म्हणणारे. सकाळी चहा पिताना उजव्या हातातली कपबशी पडली, जीभ जड झाली आणि वीस मिनिटांत सारे ठीक झाले. "डॉक्टरसाहेब, हात आता चांगला हाये. ताकदीचं एखादं इंजेक्शन द्या, म्हंजे झालं," असे ते म्हणाले. रक्तदाब थोडा वाढलेला होता, हातात ताकद होती. उन्हाचा त्रास समजून मी इंजेक्शन दिले व आठ दिवसांनी बोलावले. सहाव्या दिवशी त्यांना जीपमध्ये आडवे घालून आणले. उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. पुढे तपासणीत मानेतील डावी रोहिणी जवळजवळ बंद झालेली आढळली. ते आणखी चार वर्षे जगले, पण पुन्हा भजनात उभे राहिले नाहीत.

मानेत नेमके काय होते?

हृदयाकडून मेंदूकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या रोहिण्या गळ्याच्या दोन बाजूंना असतात. त्यांना कॅरॉटिड म्हणतात. जबड्याच्या कोनाजवळ प्रत्येकीला दोन फाटे फुटतात, एक मेंदूकडे व एक चेहऱ्याकडे. पाटाच्या चारीला फाटा फुटतो तिथे गाळ साचतो, तसा येथे वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत जातो. हा थर फाटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि तिचे कण मेंदूत जाऊन अडकतात. कण लहान असला तर विरघळतो व माणूस मिनिटांत बरा होतो. मोठा असला तर मेंदूचा तेवढा भाग मरतो. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, आणि बहुतेकांची वाचाही तिच्याच ताब्यात असते.

तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल ही या गाळाची प्रमुख कारणे होत. संगमनेर आणि नगर ही विड्या वळण्याची जुनी केंद्रे, त्यामुळे बिडी आपल्याकडे घरोघरी पोचलेली आहे. मात्र प्रत्येक झटका मानेतूनच येतो असे नाही. हृदयाचे अनियमित ठोके, मेंदूतील रक्तस्राव ही कारणेही असतात. आपल्या लोकांत कवटीच्या आतल्या रोहिण्याही बरेचदा अरुंद झालेल्या आढळतात.

धोक्याची घंटा ओळखा

१) चेहरा एका बाजूला वाकडा होणे.
२) एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बधिर होणे.
३) बोबडी वळणे, शब्द न सुचणे.
४) एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखा अंधार येऊन जाणे.

यांपैकी काहीही अचानक झाले आणि आपोआप थांबले, तरी ती सूचनाच असते. मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. ऑक्सफर्ड येथील २००७ च्या एका अभ्यासात अशा रुग्णांवर तातडीने उपचार सुरू केल्यावर पुढील तीन महिन्यांतील झटक्यांचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले.

तपासणी व उपचार

मानेची डॉपलर सोनोग्राफी ही साधी, न दुखणारी तपासणी आहे. तिच्यात रोहिणी किती अरुंद झाली ते कळते. औषधे, रक्तदाबावर ताबा आणि तंबाखू बंद हे उपचार सर्वांनाच लागतात. लक्षणे येऊन गेली असतील आणि रोहिणी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद असेल, तर शस्त्रक्रिया करून थर काढतात, शक्यतो दोन आठवड्यांच्या आत. काही रुग्णांत स्टेंट बसवतात. १९९१ च्या एका मोठ्या अमेरिकी-कॅनडियन अभ्यासात दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका येण्याचे प्रमाण केवळ औषधांवर १०० पैकी २६, तर शस्त्रक्रियेनंतर ९ इतके दिसले. पूर्ण बंद झालेली रोहिणी मात्र सहसा उघडत नाहीत. म्हणून वेळेला महत्त्व.

लक्षणे टिकून असतील तर १०८ क्रमांकावर फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोले-जामखेडकडून निघणाऱ्यांनी तर एक मिनिटही दवडू नये. झटका केव्हा सुरू झाला ती वेळ कागदावर लिहून ठेवावी.

हे करू नका

कबुतराचे रक्त चोळणे, मालिश, झाडपाला यांत वेळ घालवू नका. रुग्णाच्या तोंडात पाणी घालू नका, गिळता न आल्यास ते फुफ्फुसात जाते. स्कॅनपूर्वी मनाने ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव असेल तर तो वाढेल. केस कापताना मान झटक्याने मोडून घेण्याची सवय सोडा, त्याने मानेतील रोहिणीचे अस्तर फाटू शकते.

अलीकडेच मिश्री लावणाऱ्या एक आजी आल्या. डाव्या डोळ्यापुढे पाच मिनिटे अंधार आला होता. "आता चांगलं दिसतंय, सूनबाईनं उगीच आणलं," असे त्या म्हणत होत्या. त्यांना मी इंजेक्शन दिले नाही. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन पुढे पाठवले. डावी रोहिणी अरुंद निघाली आणि आठवड्याभरात शस्त्रक्रिया झाली. आज त्या चालत दवाखान्यात येतात, मिश्रीचा डबा सुनेने फेकला म्हणून तक्रार करतात. ती तक्रार मी आनंदाने ऐकतो.