निळ्या जिभेची सापसुरळी

पालापाचोळ्यातून सळसळत जाणारी सापसुरळी तुम्ही पाहिली असेल. तिचीच एक थोराड बहीण ऑस्ट्रेलियात राहते. तिची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर असते. पाय आखूड असल्यामुळे तिला वेगाने पळता येत नाही. म्हणून शत्रू समोर येताच ती जबडा वासून आपली रुंद, निळीशार जीभ बाहेर काढते. ती पाहून शत्रू दचकतो.

तेथील काही लोक ही सापसुरळी हौसेने पाळतात. काचेच्या प्रशस्त पेटीत ते माती पसरतात, बिनविषारी झाडे लावतात व लपण्यासाठी पोकळ ओंडका ठेवतात. पेटीचे एक टोक दिव्याने उबदार ठेवतात, दुसरे गार. कारण या प्राण्याच्या अंगी स्वतःची पुरेशी ऊब नसते. बाहेरची ऊब मिळाली नाही, तर खाल्लेले अन्न त्याला पचत नाही. गोगलगायी, किडे, फळे व पाला हा त्याचा आहार होय.

न्यू साऊथ वेल्स राज्यात ही सापसुरळी पाळण्यास सरकारी परवाना लागतो. रानातून पकडून आणण्यास मनाई आहे. पाळलेली सापसुरळी सुमारे २० वर्षे जगू शकते. रानात ती आपले ऊन व अन्न आपणच शोधते. पेटीत मात्र तिचे सारे जीवन पाळणाऱ्याच्या हाती असते. म्हणून ज्याची हौस चार दिवसांची, त्याने मुका जीव पाळू नये.