बळकट गडी कोणास म्हणावें?

लातूर-नांदेडकडील एखाद्या गांवच्या जत्रेंत कबड्डीचा सामना पाहावयास जावें, तर बहुतेक संघांत एक गडी असा आढळतो कीं, त्याच्या भीतीनें प्रतिपक्षाचा चढाईपटू मध्यरेषेपाशींच घोटाळतो. हा गडी चढाईस क्वचितच जातो. कोपऱ्यांत दबा धरून असतो आणि आलेल्यास भुईवर आणतो. अशा गड्याचें खरें काम कोणतें, व त्याच्या बळास मर्यादा कोणती, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम खेळाची रचना पाहूं. पुरुषांचें क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. प्रत्येक बाजूस सात गडी, आणि चढाई ३० सेकंदांची. मैदानांत सहा किंवा सात गडी असतां चढाईपटूस बोनसचा गुण मिळवितां येतो. परंतु त्यासाठीं एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवून दुसरा अधांतरीं ठेवावा लागतो. त्या क्षणीं त्याचा सारा तोल एका पायावर येतो. तोच क्षण साधून कोपरारक्षक त्याचा घोटा धरतो आणि सोबती त्यास वेढून घेतात. यावरून दोन गोष्टी कळतात. पकड बळानें टिकते, पण वेळ साधल्यानें लागते. आणि सोबती धांवले नाहींत, तर एकट्याचा हात सुटतोच.

या कलेची किंमत व्यावसायिक कबड्डीनें जगास दाखविली. २०१४ सालीं प्रो कबड्डी सुरू झाली. इराणचे फजल अत्राचली यांच्या पकडी मुंबईच्या संघाकडून गाजल्या. तो संघ २०१५ सालीं विजेता ठरला. १ मार्च २०२४ रोजीं पुणेरी पलटणनें हरियाणावर २८-२५ असा अंतिम विजय मिळविला. त्या संघाच्या बचावाचा आधार मोहम्मदरेझा शादलूई हेही इराणचेच. १९९० पासून २०१४ पर्यंत आशियाई स्पर्धेंत भारतीय पुरुषांनीं सलग सात सुवर्णपदकें जिंकलीं होतीं. २०१८ सालीं इराणनें उपांत्य फेरींत २७-१८ असें हरवून ती परंपरा तोडली. त्या भारतीय संघांत महाराष्ट्राचे कोपरारक्षक गिरीश इरनाक होते. हुतूतूच्या मातींत वाढलेल्या आपल्या देशास हा धडा दुरून येऊन मिळाला.

आतां मर्यादेचा प्रश्न. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या मैदानावर आमच्या डोळ्यांदेखत एक प्रसंग घडला. चढाईपटू पकडला गेला, पंचांची शिट्टीही झाली. इतक्यांत एक धिप्पाड मुलगा मागून झेपावला आणि पडलेल्या मुलाच्या अंगावर गुडघा टेकून कोसळला. प्रेक्षकांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. त्या टाळ्यांत आमच्याही टाळ्या होत्या. पडलेल्या मुलाच्या खांद्याचें हाड मोडलें. संध्याकाळीं आम्ही त्या धिप्पाड मुलास रागावूं लागलों, तेव्हां तो खालीं मान घालून म्हणाला, "सर, टाळ्या तर तुम्हींच वाजविल्या ना?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

पुढें विचार करितां असें दिसलें कीं, हा प्रश्न जुना आहे. १८९१ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथील ख्रिस्ती तरुण संघाच्या प्रशिक्षण शाळेंत जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें बास्केटबॉल हा खेळ निर्माण केला. धसमुसळेपणा खेळांत शिरतो कोठून, असा प्रश्न त्यांनीं स्वतःस केला. चेंडू घेऊन धांवणाऱ्यास पाडावें लागतें, हें त्याचें मूळ; म्हणून त्यांनीं चेंडू घेऊन धांवण्यासच बंदी केली. टोपली उंचावर आडवी बांधली, कीं जोरापेक्षां नेमकेपणास मोल यावें. तरीही व्यावसायिक बास्केटबॉलमध्यें सोबत्यांच्या रक्षणासाठीं दांडगे खेळाडू ठेवण्याची चाल पडली. कर्मिट वॉशिंग्टन हे त्यांपैकींच. ९ डिसेंबर १९७७ रोजीं चालू भांडणाकडे धांवत आलेल्या रूडी टॉमजानोविच यांस त्यांनीं असा ठोसा मारिला कीं, चेहऱ्याचीं हाडें मोडलीं. वॉशिंग्टन ६० दिवस निलंबित झाले. क्षणभराचा हात, पण त्यांचें नांव निघालें कीं लोकांस तोच आठवतो.

कबड्डीचा नियमही हीच मर्यादा सांगतो. चढाईपटूचें तोंड दाबणें, त्यास पायांच्या कैचींत धरणें, इजा होईल अशी झोंबाझोंबी करणें हीं निषिद्ध आहेत. असें घडल्यास पंच चढाईपटूस बाद देत नाहींत. म्हणजे दांडगाईनें मिळविलेली पकड व्यर्थच जाते. त्याशिवाय हिरवें कार्ड ताकीद देतें, पिवळें दोन मिनिटें बाहेर बसवितें, आणि लाल सामन्यांतूनच काढतें.

पवित्र शास्त्रांतील दावीदाची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे. गुहेंत शौल राजा त्याच्या हातीं सांपडला असतां त्यानें केवळ झग्याचा कांठ कापून घेतला. त्या दिवशीं दावीद दुर्बळ नव्हता. त्याचें बळ त्याच्या ताब्यांत होतें.

त्या मुलास आम्हीं दुसऱ्या दिवशीं बोलावून सांगितलें, "चूक आधीं आमची, मग तुझी." पुढें तो दुखावलेल्या सोबत्याचें दप्तर वाहूं लागला, आणि खेळणेंही त्यानें सोडलें नाहीं. शिट्टी झाली कीं त्याची पकड आपोआप सुटूं लागली. बळकट गडी आम्ही अशास म्हणतों. आणि टाळ्या आतां पाहून वाजवितों.