खव्याची भट्टी, तेरचा माठ आणि उष्णतेचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्यात माझं बहुतेक आयुष्य गेलं. 'स्थायू, द्रव, वायू' हा धडा मुलांना सोपा वाटतो, कारण व्याख्या पटकन पाठ होतात. दहावीच्या 'उष्णता' या प्रकरणात अप्रकट उष्मा आला, की मात्र वर्ग गप्प होतो. खरं तर ज्यांच्या गावात दूध आटवून खवा होतो, घरात माठातलं पाणी प्यायलं जातं आणि शेततळ्याची पातळी रोज डोळ्यांनी मोजली जाते, त्या मुलांना हे प्रकरण सगळ्यांत आधी उमगायला हवं. ते उमगावं म्हणून जे करत आलो, त्यातून हाती लागलेले हे धडे.

१. आधी जे दिसलं ते लिहा, मग कारण शोधा.

पाणी उकळवून त्याचं तापमान मोजायला सांगितलं, की तापमापी ९८ च्या आसपास थांबते आणि मुलं वहीत १०० लिहितात. पुस्तकात १०० छापलंय, म्हणजे तापमापी खराब, असं त्यांचं मत होतं. तापमापी बरोबरच असते. धाराशिव शहर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा कमी. पाण्यात वाफेचा बुडबुडा तयार व्हायचा तर वाफेला बाहेरच्या हवेच्या दाबाची बरोबरी करावी लागते. दाबच कमी असेल तर ती बरोबरी थोडी लवकर होते. म्हणून आपल्याकडे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळतं आणि मुंबईत १०० ला. ज्या मुलाने ९८ लिहिलं त्याला मी पूर्ण गुण देतो आणि 'का?' हा पुढचा प्रश्न त्यालाच विचारतो.

२. कण तेच राहतात, त्यांची एकमेकांवरची पकड बदलते.

हे मी मैदानावर शिकवतो. मुलांनी हात घट्ट धरून रांगांत उभं राहायचं, जागा सोडायची नाही, पण जागच्या जागी हलत राहायचं. हा स्थायू. मग पकड सैल करायची, जवळजवळ राहूनच एकमेकांमधून सरकायचं. हा द्रव. शेवटी हात सोडून मैदानभर पळायचं. हा वायू. या खेळातून दोन गोष्टी मनात पक्क्या बसतात. पहिली, स्थायूतले कणही स्वस्थ नसतात, ते थरथरत असतात. दुसरी, रूप बदललं तरी मुलं तीच असतात. बर्फात, पाण्यात आणि वाफेत रेणू एकच, दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजनचा. एक लिटर पाण्याची उकळत्या तापमानाला वाफ झाली, की तिला १६०० लिटरहून जास्त जागा लागते. ती रेणू फुगल्यामुळे लागत नाही, त्यांच्यातलं अंतर वाढल्यामुळे लागते. 'गरम केल्यावर कण मोठे होतात' हे उत्तर मी इतक्या वह्यांत वाचलंय, की हा खेळ मी कुठल्याही वर्षी चुकवत नाही.

३. उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आठवडी बाजारातून बर्फाचा तुकडा आणायचा, फोडून भांड्यात घालायचा, खाली मंद आच ठेवायची आणि ढवळत राहायचं. तापमापी शून्यावर थांबते. आच चालू, उष्णता आत जातेय, पण बर्फ संपेपर्यंत पारा हलत नाही. मुलं अस्वस्थ होतात. हाच शिकवण्याचा क्षण. तापमान म्हणजे कणांच्या हालचालीतल्या सरासरी ऊर्जेचं माप. वितळताना आत गेलेली ऊर्जा हालचाल वाढवण्यात खर्च होत नाही, ती पकड सोडवण्यात खर्च होते. म्हणून ती तापमापीला दिसत नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात ही लपलेली उष्णता मोजून दाखवली.

आकडे पाठच असू द्यावेत. शून्य अंशावरच्या एक ग्रॅम बर्फाचं पाणी करायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापतं. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला मात्र सुमारे ५४० कॅलरी हव्यात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारपीट झाली. गारांचा खच ऊन पडलं तरी लगेच का जात नाही, त्याचं उत्तर या ८० मध्ये आहे.

४. खव्याच्या भट्टीसमोर बसून गणित करा.

भूम तालुका खव्याचा. कुंथलगिरीचा पेढा महाराष्ट्रभर ओळखीचा. इथल्या मुलांसाठी भट्टीइतकी चांगली प्रयोगशाळा दुसरी नाही.

म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा पडतो, म्हणजे जवळपास चार किलो पाणी वाफ होऊन जातं. पाच किलो दूध ३० अंशांवरून उकळीला आणायला ढोबळमानाने ३५० किलोकॅलरी लागतात. चार किलो पाण्याची वाफ करायला चार गुणिले ५४०, म्हणजे २१६० किलोकॅलरी. कढईत शिरलेल्या उष्णतेच्या सात वाट्यांपैकी सहा वाटे फक्त पाणी उडवण्यात जातात. उकळी फुटेपर्यंतचा खर्च एक वाटा. 'दूध तर कधीच उकळलं, मग इतकी लाकडं कशाला?' या प्रश्नाचं हे उत्तर मुलं स्वतः काढतात.

भट्टीवरचा माणूस शेवटी काय करतो, तेही नीट बघायला सांगतो. सुरुवातीला जाळ मोठा असतो. दूध घट्ट होऊन कढईच्या कडा सोडू लागलं, की तो लाकडं मागे ओढतो आणि उलथनं तळातून न थांबता फिरवत राहतो. दुधात पाणी भरपूर असतं तोवर जास्तीची उष्णता वाफेबरोबर निघून जाते आणि तापमान शंभरीच्या आसपासच राहतं. म्हणजे पाणीच दुधाला करपण्यापासून राखतं. पाणी संपत आलं की हा आधार जातो, तळाचं तापमान झपाट्याने चढतं आणि क्षणभर हात थांबला तरी खवा लागतो. अप्रकट उष्मा हा शब्द त्या कारागिराने कधी ऐकला नसेल, पण त्याचं काम चोख शास्त्राप्रमाणे चाललेलं असतं. हे मी वर्गात मुद्दाम सांगतो, कारण त्या वर्गात त्याचीच मुलं बसलेली असतात.

५. पाणी उकळीची वाट बघत नाही.

तेर हे गोरोबाकाकांचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी 'तगर' नावाने रोमपर्यंत माहीत असलेलं हे गाव वारकऱ्यांसाठी संत गोरा कुंभारांचं आहे. चैत्रातल्या त्यांच्या पुण्यतिथीला ऊन कडक असतं आणि माठातल्या पाण्याची किंमत तेव्हाच कळते.

माठाला बारीक छिद्रं असतात. मातीत मिसळलेली लीद किंवा भुसा भाजताना जळून जातो आणि जागा मोकळी राहते. तिथून पाणी पाझरून बाहेरच्या अंगाला येतं. द्रवातले सगळे कण सारख्या वेगाचे नसतात. पृष्ठभागावरचे जे जास्त वेगवान, ते निसटून हवेत जातात आणि मागे मंद कण उरतात. मंद कण म्हणजेच कमी तापमान. साध्या तापमानाला बाष्पीभवनाची किंमत तर ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी. दहा लिटरच्या माठातून १०० ग्रॅम पाणी उडालं, तर बाहेरून उष्णता आत आली नाही असं धरून आतलं पाणी पाच-सहा अंशांनी उतरेल.

यातून घरच्या उपयोगाच्या गोष्टी निघतात. माठ वाऱ्याला ठेवावा. पावसाळ्यात हवाच बाष्पाने भरलेली असते, म्हणून तो गार करत नाही. बोअरच्या जड पाण्याचे क्षार छिद्रांत बसले की जुना माठ 'मरतो', त्याला बाहेरून घासावं. आणि कूलर लावला तर खिडकी उघडी ठेवावी. खोली बंद केली तर आतली हवा दमट होते आणि गारवा थांबतो.

६. खर्च झालेली उष्णता परत मिळते.

उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका वाईट. वाफ कातडीवर पडून तिचं पाणी होताना ग्रॅममागे ५४० कॅलरी तिथेच सोडते. घरात कुकर उघडणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

याच गुणावर साखर कारखाने चालतात. ढोकीचा तेरणा असो की रांजणीचा नॅचरल, उसाच्या रसातलं पाणी काढायला भांड्यांची माळ असते. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या प्रत्येक भांड्यात दाब कमी ठेवतात, म्हणजे रस कमी तापमानाला उकळतो. ९८ अंशांचा पहिला धडा इथे उपयोगी पडतो. साखरेचे दाणे धरतात ते पॅनही निर्वातात चालतात, नाहीतर साखर करपेल. ही माळ न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बेर रिल्यू यांनी बसवली. १८४३ मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं, तेव्हा त्या भागात गुलामगिरी चालू होती आणि ते कृष्णवर्णीय होते. उघड्या भट्टीवर जी वाफ आपण सोडून देतो, तीच तिथे पुन्हा कामाला लागते. आपल्या खव्याच्या धंद्यातही यावर विचार व्हायला हवा.

७. द्रव न होताही वायू होता येतं.

तुळजापूरहून आणलेल्या कापराची वडी उघडी ठेवा. काही दिवसांनी ती लहान झालेली दिसेल आणि खाली ओल नसेल. याला संप्लवन म्हणतात. कापराच्या रेणूंची एकमेकांवरची पकड इतकी हलकी, की पृष्ठभागावरचे रेणू थेट हवेत जातात. वास येतो, तो हेच रेणू नाकापर्यंत पोहोचतात म्हणून.

८. प्रत्येक बदल हे अवस्थांतर नसतं.

ओली माती वाळली की पाणी घालून पुन्हा मळता येते. आव्यात भाजली की येत नाही. मातीच्या रचनेतच बांधलेलं पाणी तिथे निघून जातं आणि पदार्थ नवा होतो. खव्यात पाणी घातलं तर पहिलं दूध मिळत नाही, कारण आटताना प्रथिनंही बदललेली असतात. 'परत फिरवता येतं का?' हा प्रश्न मुलांना विचारायची सवय लावा. तो प्रत्येक वेळी अचूक निवाडा देत नाही, पण विचाराची सुरुवात चांगली करून देतो.

९. दुष्काळी भागात हे पोटापाण्याचं शास्त्र आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्यानंतर मी हा धडा शेततळ्याशी जोडल्याशिवाय संपवत नाही. कडक उन्हाळ्यात आपल्याकडे उघड्या पाण्याची पातळी केवळ बाष्पीभवनाने दिवसाला सेंटिमीटरच्या आसपास उतरते. ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्यात हे रोजचं नऊ हजार लिटर झालं. कण निसटतात ते पृष्ठभागावरून, म्हणून तेवढंच पाणी पसरट खड्ड्यापेक्षा खोल खड्ड्यात जास्त टिकतं. तळ्यावर सावली किंवा आच्छादन, वाऱ्याच्या बाजूला झाडांची ओळ, पिकाच्या बुडाशी पाचट, पाणी द्यायचं ते संध्याकाळी. हे सगळे उपाय एकाच तत्त्वातून निघतात, निसटणाऱ्या कणाला ऊर्जा आणि वाट कमी द्या.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे. या प्रकरणाच्या आधी मुलांना एकदा भट्टीवर न्या, एकदा कुंभाराच्या घरी न्या आणि एकदा शेततळ्याच्या काठावर खूणपट्टी रोवायला लावा. आणि पालकांनो, मूल घरी येऊन भट्टीचं किंवा माठाचं 'का?' विचारू लागलं, तर त्याला गप्प करू नका. हातातलं काम दाखवा आणि त्याच्याबरोबर हिशेब मांडायला बसा.