पानामागे दहा रुपये?

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. गच्चीवरून पक्षी पाहते, वहीत नोंदी करते. हुरूप वाढावा म्हणून पानामागे दहा रुपये द्यावेत का?

उत्तर : देऊ नका. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना चित्रासाठी प्रमाणपत्र आधीच कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. बक्षीस अवचित मिळालेल्यांची आवड मात्र घटली नाही. आधी ठरलेला सौदाच घातक.

त्यापेक्षा तिला जाणतं माणूस गाठून द्या. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली पिवळ्या गळ्याची चिमणी त्यांना ओळखू येईना. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. तिथे सचिव मिलार्डसाहेबांनी चिमणी ओळखलीच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला, वाचायला पुस्तकं दिली. एवढ्या वडीलधाऱ्या माणसाने पोराचा प्रश्न इतका मनावर घ्यावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुम्हीही वही वाचा. तुम्हाला खरंच ठाऊक नसलेलं तिला विचारा : हा पक्षी पावसाळ्यात कुठे जातो? शुद्धलेखन तपासायचा मोह तेवढा आवरा.