घाटकोपरचा दवाखाना, मुलुंडचा मतदारसंघ

नीटची तयारी करणाऱ्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयात नुकताच प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याने पुढे आमदार होण्याची इच्छा बोलून दाखवली, तर अंधेरी, बोरिवली किंवा मुलुंडमधील मध्यमवर्गीय घरात बहुधा काळजीचे वातावरण पसरते. कारण चुरशीच्या स्पर्धेतून मिळालेली जागा, साडेपाच वर्षांचे कष्ट आणि घराने सोसलेला खर्च हे सारे राजकारणाच्या बेभरवशाच्या कारभारात वाया जाईल, असे पालकांना वाटते. ही भीती अनाठायी नाही. मात्र राजकारणात गेलेला डॉक्टर वैद्यकापासून तुटतो, या ज्या गृहीतकावर ती उभी आहे, ते तपासून पाहणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी पूर्व उपनगरातील डॉ. दत्ता सामंत यांच्या कारकिर्दीइतके बोलके, तितकेच अस्वस्थ करणारे उदाहरण दुसरे नाही.

कोकण किनाऱ्यावरील देवबाग येथे २१ नोव्हेंबर १९३२ रोजी जन्मलेल्या सामंतांनी परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केले आणि घाटकोपरच्या पंतनगर वसाहतीत सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय सुरू केला. त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांत दगडखाणींतील मजूर आणि आसपासच्या कारखान्यांतील कामगार यांचा मोठा भरणा होता. अशा वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला रोगाची मुळे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत जाऊन फुफ्फुसे कडक होणे, म्हणजे सिलिकोसिस, हा खाणकामाशी जोडलेला रोग असून त्यावर गुणकारी औषध नाही. त्यामुळे डॉक्टर खोकल्याचे औषध देऊ शकतो, परंतु खाणीत पाणी मारून धूळ बसवण्याची सक्ती मात्र कायदाच करू शकतो.

अपघाताच्या बाबतीत हा संबंध अधिक उघड दिसतो. त्या काळी लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते, ज्यात कोणता अवयव गमावल्यास कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली असे मानायचे याचा तक्ता होता: एका हाताची दोन बोटे गेल्यास २० टक्के, तीन गेल्यास ३०, चारही गेल्यास ५०. यंत्रात हात सापडलेल्या कामगाराची जखम शिवणारा डॉक्टर त्या तक्त्यानुसार दाखला लिहितो आणि त्या दाखल्यावर कुटुंबाच्या पुढील आयुष्याची रक्कम ठरते. पण तक्त्यातील आकडा त्याच्या हातात नसतो, तो कायदेमंडळात ठरतो. डॉक्टरने विधिमंडळात का जावे, या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर या एका दाखल्यात सापडते.

सामंत प्रथम कामगार संघटनेकडे आणि तेथून निवडणुकीकडे वळले. १९७२ मध्ये ते काँग्रेसच्या उमेदवारीवर मुलुंड मतदारसंघातून विधानसभेवर होते. तरीही १९७५ च्या आणीबाणीत सत्ताधारी पक्षाच्या या आमदाराला जहाल कामगार नेता म्हणून तुरुंगात जावे लागले. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी त्यांच्या नेतृत्वाखाली संप केला, जो औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट असताना ते मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघातून काँग्रेसविरोधी उमेदवार म्हणून निवडून आले. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत घराजवळच त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

विद्यार्थ्यांनी या कारकिर्दीचा गौरव ऐकून थांबू नये, तिच्या मर्यादाही अभ्यासाव्यात. कंपनीचा ताळेबंद काय सांगतो याची चर्चा नाकारून थेट मोठी वेतनवाढ मागण्याची त्यांची पद्धत अभियांत्रिकी कारखान्यांत अनेकदा यशस्वी झाली, परंतु तोच मार्ग गिरण्यांच्या बाबतीत कामगारांना उपासमारीपर्यंत घेऊन गेला; त्यांच्या आंदोलनांवर हिंसाचाराचे आरोपही झाले. याहून महत्त्वाची बाब कायद्याची आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका उद्योगात एका स्थानिक क्षेत्रापुरती एकच संघटना ‘प्रातिनिधिक’ मानली जाई, म्हणजे मालकांशी वाटाघाटी करण्याचा हक्क तिच्याकडेच राही, आणि मुंबईच्या गिरण्यांत तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. हा कायदा रद्द व्हावा ही संपाची एक मुख्य मागणी होती. तो रद्द करण्याचा अधिकार ज्या सभागृहाकडे होता, तेथे सामंत स्वतः आमदार म्हणून बसून आले होते. तथापि रस्त्यावर लाखो माणसे पाठीशी असताना सभागृहात बहुमत पाठीशी नव्हते. लोकांचा विश्वास मिळवणे आणि कायदा बदलणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि सामंतांकडे पहिले विपुल होते.

दुसरे कौशल्य असलेल्या डॉक्टरांचीही परंपरा आहे. सामंत ज्या महाविद्यालयात शिकले, त्याच महाविद्यालयाचे पूर्वीचे अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता द्विभाषिक मुंबई राज्यात मंत्री होते आणि १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. पश्चिम बंगालचे डॉ. बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्रिपदावर असतानाही रुग्ण तपासत असत. म्हणजे पांढरा कोट उतरवूनच सभागृहात जावे लागते असे नाही. खाजगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला आमदारकीसोबत व्यवसाय चालू ठेवण्यास कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती सरकारी नोकरीची. संविधानाच्या अनुच्छेद १९१ मध्ये ‘लाभाचे पद’ धारण करणारी, म्हणजे सरकारकडून वेतन किंवा तत्सम लाभ मिळणाऱ्या पदावरील, व्यक्ती विधिमंडळाची सदस्य होण्यास अपात्र ठरवली आहे. गोव्याचे मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत हे आयुर्वेदाचे पदवीधर. शासकीय सेवेतून बाहेर पडून त्यांनी २००८ मध्ये पाळी येथील पोटनिवडणूक लढवली, ती ते हरले, आणि २०१२ मध्ये साखळी येथून निवडून येईपर्यंत त्यांना थांबावे लागले. पालकांनी हिशेबात धरायची जोखीम ती हीच: नोकरी गेलेली, निवडणूक हरलेली आणि पुढील संधीला काही वर्षे बाकी.

विधानसभेसाठी वयाची किमान अट २५ वर्षांची, तर विधान परिषदेसाठी ३० वर्षांची आहे. बारावीनंतर साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयातील सक्तीचे प्रत्यक्ष काम, आणि सरकारी वा महापालिका महाविद्यालयातून शिकल्यास वर्षभराची बंधपत्रित सेवा, एवढे झाले की विद्यार्थी आपोआप पंचविशीत पोहोचतो. त्यामुळे शिक्षण अर्धवट सोडून राजकारणात उडी घेण्याला कोणतेही समर्थन उरत नाही. उलट किमान दहा वर्षे एकाच वस्तीत मन लावून केलेला व्यवसाय हीच या मार्गावरील खरी पात्रता होय.

विधान परिषदेतील ७८ जागांपैकी सात जागा पदवीधरांनी निवडून द्यायच्या असतात, आणि सुशिक्षित व्यावसायिकांना हा दरवाजा अधिक जवळचा वाटतो. मुंबई पदवीधर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करणारे डॉ. दीपक सावंत डिसेंबर २०१४ मध्ये राज्याचे आरोग्यमंत्री झाले. जुलै २०१८ मध्ये त्यांची परिषदेची मुदत संपली आणि पक्षाने पुन्हा उमेदवारी दिली नाही. सभागृहाचे सदस्यत्व नसताना मंत्रिपदावर जास्तीत जास्त सहा महिने राहता येते, अशी संविधानाची तरतूद असल्यामुळे जानेवारी २०१९ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. वैद्यकात ज्येष्ठता वाढते तशी रुग्णसंख्या साधारणतः वाढते. राजकारणात मात्र चार वर्षे आरोग्य खाते सांभाळल्यानंतरही पुढची उमेदवारी दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून राहते, आणि ज्याला हे परावलंबन सोसवत नाही त्याने या वाटेला न जाणेच हिताचे.

उपनगरातील इच्छुकाला आणखी एक गोष्ट आरंभीच समजून घ्यावी लागते, जिच्याकडे बहुतेक मार्गदर्शक दुर्लक्ष करतात. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर, बोरिवलीचे भगवती आणि मुलुंडचे अग्रवाल ही रुग्णालये महापालिकेची आहेत. त्यांचा अर्थसंकल्प मुंबई महापालिकेचा असल्यामुळे रात्रपाळीला डॉक्टर का नाही, सोनोग्राफीसाठी महिनाभराची तारीख का मिळते, या प्रश्नांवर २२७ प्रभागांतील नगरसेवकाला आमदारापेक्षा अधिक थेट बोलता येते. ज्याचा जीव एका रुग्णालयाच्या कारभारात गुंतलेला आहे, त्याने महापालिकेचा विचार प्रथम करावा; तेथे वयाची अट २१ वर्षांची आहे.

विधिमंडळाचे सामर्थ्य अन्यत्र आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्यसूचीत, म्हणजे राज्याने कायदे करायच्या विषयांत, ठेवलेला असून महाराष्ट्राने त्या अधिकाराचा एकदा अत्यंत मोलाचा उपयोग केला. गर्भलिंग तपासणीवर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ मध्ये आला. गर्भजलाची तपासणी कशी होते, तिचा वैध उपयोग कोणता आणि गैरवापर कोठे सुरू होतो, हे समजून कायद्याचे कलम लिहायचे तर सभागृहात वैद्यकाचे ज्ञान असलेच पाहिजे. दैनंदिन कामकाजातही तारांकित प्रश्न, ज्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात, किंवा तातडीच्या सार्वजनिक बाबीकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना, ही साधने तपशील जाणणाऱ्याच्याच हाती धारदार होतात. औषध खरेदीची निविदा कोठे अडली हे विचारणारा आमदार आणि आरोग्यव्यवस्था सुधारावी असे मोघम भाषण करणारा आमदार यांतला फरक खात्याच्या सचिवाला पहिल्या वाक्यात कळतो.

तयारी म्हणून विद्यार्थ्याने रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र हा एमबीबीएसमधील विषय केवळ उत्तीर्ण होण्यापुरता उरकू नये. वस्तीतील पाणी, काम, घर आणि आहार यांतून रोग कसे घडतात हे शिकवणारा तोच विषय आहे. पदव्युत्तर टप्प्यावर देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था सार्वजनिक आरोग्याचे आणि तेथून जवळच असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था लोकसंख्येच्या अभ्यासाचे शिक्षण देते, आणि दोन्ही संस्था घाटकोपरकरांना हाकेच्या अंतरावर आहेत. निवडणुकीचा खर्च हाही अभ्यासाचाच भाग समजावा: महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्चाची मुभा आहे, आणि एवढा पैसा कोणाकडून, कोणत्या अपेक्षेने येतो हा प्रश्न घरात मोकळेपणाने बोलला गेला पाहिजे.

पालकांनी या इच्छेला विरोध करण्यापेक्षा तिला एक अट घालावी: आधी डॉक्टर म्हणून वस्तीत उभे राहणे, मग उमेदवारी. आणि ज्या घरात किमान तीन वर्षांपूर्वी पदवीधर झालेले कोणी आहे, त्यांनी आपले नाव पदवीधर मतदारसंघाच्या यादीत आहे का हे पाहावे. ती यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते, सर्वसाधारण मतदारयादीतील नाव तेथे चालत नाही आणि त्यासाठी नमुना १८ चा अर्ज वेगळा भरावा लागतो.