संदिग्ध द्रव्यनामे आणि औषधालयातील लेबलांची शुद्धी

प्रस्तावना

आयुर्वेदात एका द्रव्यास अनेक नावे असतात, आणि एक नाव अनेक द्रव्यांसही लागू होते. पहिली गोष्ट शास्त्राची समृद्धी होय. दुसरी मात्र चिकित्सकास आणि औषधनिर्मात्यास सदैव सावध ठेवणारी आहे. संदिग्ध द्रव्यांवर विद्वत्तापूर्ण चर्चा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखात त्या वादांचा निर्णय देण्याचा हेतू नाही. आपल्या कपाटातील बरण्यांवर आणि चिकित्सापत्रावर आपण जे नाव लिहितो ते निःसंदिग्ध कसे करावे, एवढाच मर्यादित व व्यावहारिक विचार येथे केला आहे.

या विचारास कारण आमचाच एक अनुभव घडला. एका रुग्णास शंखपुष्पीच्या योगाने निद्रानाशात चांगला उपशय मिळाला होता. दोन वर्षांनी तीच तक्रार पुन्हा उद्भवली, आम्ही जुना कागद पाहून तोच योग दिला. परंतु गुण आला नाही. शोध घेता असे आढळले की मधल्या काळात व्यापारी बदलला होता व बरणीत आता विष्णुक्रांता होती. पूर्वी कोणती वनस्पती होती हे सांगण्यास आमच्याजवळ कोणताही पुरावा नव्हता. कागदावर केवळ ‘शंखपुष्पी’ एवढेच लिहिलेले होते. दोष व्यापाऱ्याचा नव्हे, आमच्या लेबलाचा होता. दोन वर्षांचा अनुभव एका संदिग्ध शब्दामुळे व्यर्थ गेला.

संदिग्धता कशी उत्पन्न होते?

राजनिघंटुकार नरहरी पंडितांनी द्रव्यनामे पडण्याची सात कारणे सांगितली आहेत : रूढी, स्वभाव, देश्योक्ती, लांछन, उपमा, वीर्य आणि इतराह्वय. यांतील बहुतेक कारणे गुणांवर वा रूपावर आधारलेली असल्याने समान गुणांच्या दोन द्रव्यांस एकच नाव पडणे स्वाभाविक आहे. ‘अमृता’ म्हणजे गुडूची, आणि हरीतकीही. निघंटुकारांस याची पूर्ण जाणीव होती. म्हणूनच राजनिघंटूत एकार्थादि वर्ग व भावप्रकाश निघंटूत अनेकार्थनाम वर्ग स्वतंत्र दिलेला आहे. नरहरी पंडितांनी तर नावांच्या स्पष्टीकरणासाठी कन्नड व मराठी शब्दांचे साहाय्य घेतले. म्हणजे संदिग्ध नावांची छाननी हे आधुनिकांचे खूळ नसून आपल्या परंपरेचेच कार्य आहे.

काही नित्याची उदाहरणे

ब्राह्मी : आयुर्वेदीय फार्माकोपियानुसार ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी, अर्थात जलब्राह्मी, आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. महाराष्ट्रात मात्र सेंटेलासच ब्राह्मी म्हणण्याचा प्रघात आहे. सुश्रुताने मेधायुष्कामीय रसायनात दोन्हींचे प्रयोग स्वतंत्र दिले आहेत, तर चरकोक्त चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णीचा उल्लेख आहे. शुष्क माल पाण्यात भिजवून पाने पसरून पाहावीत. जलब्राह्मीची पाने लहान, मांसल व देठरहित असतात. मंडूकपर्णीची पाने गोलसर, दंतुर कडांची व लांब देठाची असतात.

शंखपुष्पी : फार्माकोपियात कॉन्व्हॉल्व्ह्युलसची जाती मान्य आहे. विष्णुक्रांता (इव्हॉल्व्ह्युलस) याच नावाने विकली जाते. केरळात गोकर्णी, तर बंगालमध्ये कॅन्स्कोरा घेण्याची प्रथा आहे.

रास्ना : फार्माकोपियात प्लुचिया लॅन्सिओलाटाची पाने, दक्षिणेत कुलिंजनाचा (आल्पिनिया गलंगा) कंद, बंगालमध्ये वँडा या वृक्षाश्रयी वनस्पतीची मुळे. येथे जाती तर भिन्न आहेतच, उपयुक्त अंगही भिन्न आहे. त्यामुळे केवळ अंग लिहिले तरी बराच भ्रम दूर होतो.

नागकेशर : मेसुआ फेरियाचे पुंकेसर हे मान्य द्रव्य होय. बाजारात ‘तांबडे नागकेशर’ म्हणून येतात त्या सुरंगीच्या कळ्या, आणि ‘काळे नागकेशर’ म्हणून येतात ती दालचिनीच्या वर्गातील वृक्षाची कोवळी फळे. केसर, कळी व फळ यांतील भेद उघड्या डोळ्यांनीही ओळखता येतो.

उपेक्षेचे परिणाम

गुण न येणे हा सौम्य परिणाम झाला. याहून भीषण परिणामाचे उदाहरण परदेशात घडले आहे. बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे १९९० नंतर स्थौल्यहारक मिश्रणात ‘फांग जी’ हे चिनी द्रव्य वापरण्यात आले. या नावाने स्टिफॅनिया टेट्रँड्रा अपेक्षित होती. प्रत्यक्षात ‘ग्वांग फांग जी’, म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची, मिसळली गेली. १९९३ मध्ये ही घटना वैद्यकीय जगासमोर आली. शंभराहून अधिक रुग्णांस वृक्कविकार जडला, कित्येकांचे वृक्क पूर्णतः निकामी झाले आणि पुढे काहींस मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. नावाचा उत्तरार्ध समान होता, एवढेच निमित्त. आपल्याकडील ईश्वरी अर्थात सापसंद ही याच प्रजातीतील असल्याने ती कोणत्याही संदिग्ध नावाखाली आपल्या कपाटात येऊ नये, याविषयी विशेष दक्ष राहावे.

शुद्धीची पद्धती

आमच्या औषधालयात आम्ही पुढील क्रम अवलंबिला.

१. प्रथम कोणतीही बरणी न हलवता सर्व लेबलांची सूची केली व ज्या नावाखाली एकाहून अधिक द्रव्ये येऊ शकतात त्यांवर खूण केली.

२. खूण केलेल्या प्रत्येक बरणीतील माल स्वतंत्र तपासला. सर्व ‘ब्राह्मी’ एकदम ‘मंडूकपर्णी’ अशी बदलून टाकण्याचा मोह आवरावा. एका बरणीविषयी खरे ते दुसरीविषयी खरे असेलच असे नाही, आणि घाईने केलेला बदल जुन्या चुकीस नवे नाव देतो.

३. नव्या लेबलावर पाच गोष्टी लिहिल्या : संस्कृत नाम, मराठी नाम, शास्त्रीय नाम, उपयुक्त अंग, आणि खरेदीचे ठिकाण व दिनांक.

४. ज्याची ओळख पटली नाही त्यावर ‘अनिर्णीत’ अशी चिठ्ठी लावून ते वापरातून दूर ठेवले. नमुना द्रव्यगुणाच्या अध्यापकांकडे अथवा वनस्पतिशास्त्रज्ञांकडे दाखवावा. निर्णय न झाल्यास माल टाकून द्यावा.

५. रूढ नावे नष्ट केली नाहीत. एका वहीत ‘ब्राह्मी : जलब्राह्मी किंवा मंडूकपर्णी पाहा’ अशा नोंदी केल्या. त्यामुळे जुना शब्द वापरणारा साहाय्यकही योग्य बरणीपर्यंत पोचतो.

६. जुन्या रुग्णपत्रांत खाडाखोड केली नाही. जेथे द्रव्य निश्चित सांगता येत नाही तेथे तसा शेरा मात्र लिहिला.

प्रतिनिधी द्रव्यांविषयी

संदिग्ध द्रव्य आणि अभाव-प्रतिनिधी द्रव्य यांत गल्लत करू नये. भावप्रकाशात मेदा-महामेदांच्या अभावी शतावरी, जीवक-ऋषभकांच्या अभावी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलींच्या अभावी अश्वगंधा, आणि ऋद्धी-वृद्धींच्या अभावी वाराहीकंद सांगितला आहे. ही जाणूनबुजून केलेली योजना आहे. मात्र शतावरी घातली असता लेबलावर ‘मेदा’ लिहिणे हे योग्य नव्हे. ‘मेदेच्या अभावी शतावरी’ असे स्पष्ट लिहावे. तयार औषधाच्या वेष्टनावर घटकांची खरी यादी देणे औषध नियमांतील नियम १६१ नुसारही आवश्यक आहे. तसेच प्रांतोप्रांतीच्या परंपरांस खोट्या ठरविण्याचे कारण नाही. केरळीय वैद्याचा गोकर्णीचा अनुभव खराच आहे. तो गोकर्णीच्या नावे नोंदला जावा, एवढेच आपले म्हणणे.

समारोप

केवळ नाव जाणणे पुरेसे नाही. नाव, रूप आणि योजना तिन्ही जाणणारा तोच खरा वैद्य, असा चरकाचार्यांचा आशय आहे. गवळी व वनवासी यांस वनस्पती नावारूपाने ठाऊक असते असेही त्यांनी म्हटले आहे. आपल्या बरणीतील द्रव्य आपणांस त्यांच्याइतके तरी ठाऊक असावे. वाचक वैद्यांनी व औषधालयचालकांनी येत्या तिमाहीत निदान दहा लेबले तपासावीत, आणि प्रारंभ ब्राह्मी, शंखपुष्पी, रास्ना व नागकेशर या चारांपासून करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.