बोटीवरून उतरशील तेव्हा

चिमे, फोन ठेवला आणि भाकरी थापता थापता माझ्या लक्षात आलं. केबिनला खिडकी घेऊ का ते तू विचारलंस, कपड्यांचं विचारलंस, बोटीवर शाकाहारी मिळतं का तेही विचारलंस. पण बोट गोव्याला लागली की खाली उतरून करायचं काय, ते विचारलंच नाहीस. आम्ही गेलो तेव्हा माती खाल्ली ती नेमकी तिथंच. तेव्हा ऐक, आणि हे जावईबापूंना सांगू नकोस, ते मला वर्षभर चिडवतील.

आपली खानावळ ताम्हिणीच्या रस्त्याला, तुला माहितीये. पावसाळ्यात शनिवार-रविवार काय जत्रा असते! दुपारी दीडला पिठलं-भाकरी मागवतात आणि विचारतात, "ताई, धरण बघून झालं, आता प्लस व्हॅली करून देवकुंडला जाता येईल ना?" अगं, देवकुंड खाली भिऱ्याला, घाट उतरून! मी तोंडावर हसत नाही, आत जाऊन हसते. आणि बोटीवर बसल्यावर मी काय केलं? वहीत लिहिलं: जुनं गोवं, मंगेशी, मसाल्याची बाग, पणजी, कळंगुट. एका दिवसात! तुझे दाजी म्हणाले, जमेल. त्यांना ताम्हिणीतून तासाभरात माणगाव गाठायची सवय.

जमलं नाही. जुन्या गोव्यात धावलो, मंगेशीला रांगेतून पुढं ढकललो गेलो, कळंगुट गाडीच्या काचेतून बघितलं. परतीच्या वाटेवर गाड्यांची ही मोठी रांग. दाजींचं तोंड पांढरंफटक. बंदराच्या फाटकावर मी साडी वर खोचून पळाले, अगदी लावणीला पाऊस निघून चालल्यासारखी. पोचलो, पण शेवटचे. वरच्या डेकवरून लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्या कौतुकाच्या नव्हत्या.

तर हिशोब असा कर. कागदावर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच असं लिहिलं असेल, तर ते आठ तास तुझे नाहीत. उतरायची रांग, कार्ड दाखवणं, बंदराच्या आतली बस, फाटक, टॅक्सीवाल्याशी घासाघीस, यात एक तास जातो. बोटीवर चढायची शेवटची वेळ बोट सुटायच्या बरीच आधी असते, तीच खरी वेळ धर. त्याच्याही आधी तासभर राखून ठेव, तो रस्त्याचा. उरले पाचेक तास. घड्याळ पुढून नाही, मागून मोजायचं. गावातल्या पोरांनी मला विचारलं होतं, ताई, मुंबईला उतरणारे परदेशी पाहुणे आपल्या मुळशीला आणता येतील का, आंबेमोहोराचा भात खायला घालू. मी त्यांनाही हाच हिशोब करून दाखवला. बॅलार्ड पियरहून इथं यायला चार तास, जायला चार तास. भात खायचा कधी, बसमध्ये? ते पाहुणे बिचारे महालक्ष्मीचा धोबीघाट आणि मणिभवन बघतात, फार तर घारापुरीची लेणी. तीही सोमवारी बंद.

आता बस की टॅक्सी. बोटीकडूनच सहलीची बस घेतलीस तर पैसे जास्त जातात, पण उशीर झाला तर बोट सहसा आपल्याच बसची वाट बघते. बाहेरच्या टॅक्सीची बघत नाही. तरी तुला सांगू? मामंजींचे गुडघे धरून तुम्ही चौघंच, तर मी टॅक्सीच करीन. चाळीस माणसांच्या बसमध्ये एकाला कायम लघवीला जायचं असतं, आणि एकाची टोपी मागच्या ठिकाणी राहिलेली असते. पण टॅक्सीत बसायच्या आधी ठिकाणं, पैसे, परत फाटकावर सोडायची वेळ, सगळं बोलून घे. आणि एक वाक्य ठणकावून सांग: मध्ये दुकान नको.

हे मी सांगतेय, कारण मी त्यातलीच आहे. आपल्या खानावळीत ड्रायव्हरला जेवण फुकट असतं, ते का, तुला कधी वाटलं नाही? तो गाडी आपल्या दारात थांबवतो म्हणून. त्यात मला काही पाप वाटत नाही, त्यालाही पोट आहे. पण गोव्यात आमचा ड्रायव्हर "फक्त दहा मिनिटं" म्हणत एका काजूच्या दुकानात घेऊन गेला, तेव्हा मला त्याची चाल त्याच्याआधी कळली होती. आणि तरीही मी चाळीस मिनिटं घालवून काजू घेतलेच. हुशारी घरी ठेवून आले होते.

तुझ्यासाठी मी दोनच ठिकाणं काढलीत. बोट वास्कोला लागते, तिथून जुनं गोवं साधारण तासाभरावर. बॉम जेझू चर्च 1605 सालचं, तिथं चांदीच्या पेटीत सेंट फ्रान्सिस झेवियरचं शरीर ठेवलंय. समोर रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल, केवढं उंच! दोन्हीकडं नीट बस, घाई करू नकोस. खांदे-गुडघे झाकलेले असू देत, चपला पटकन निघतील अशा घाल, कारण पुढं मंगेशी आहे. आणि जाताना एक गंमत बघ, मला ती परत आल्यावर कळली म्हणून हळहळले. वास्कोहून निघालीस की झुआरी नदीच्या पुलाआधी कुठ्ठाळी लागते. मंगेशाचं मूळ देऊळ तिथलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचापायी लोकांनी देव नदीपल्याड नेला, म्हणून तो आज मंगेशीला. म्हणजे तू देवाच्याच वाटेनं जाणार. त्यांनी ती जीव मुठीत धरून कापली आणि आपण एसी लावून जातो. सासूबाईंना हे टॅक्सीत सांग, त्यांना आवडेल.

मामंजी दमले तर मंगेशी सोड. सरळ परत ये आणि वास्कोजवळच्या बोगमाळोच्या किनाऱ्यावर त्यांना खुर्चीत बसव. तेही नको म्हणाले तर बोटीवरच राहू देत. रिकामी बोट फार छान असते, लिफ्टला गर्दी नाही, चहा गरम.

आधार कार्ड आणि बोटीचं कार्ड प्रत्येकाच्या गळ्यात, एकाच्या पर्समध्ये चौघांचं नाही. बोटीवर रोज कागद देतात, त्यावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेव. समजा चुकलीच बोट, तर रडत बसू नकोस. मडगावला जा, कोकण रेल्वे आहे. सामान मुंबईला भेटेल.

माझ्या सासूबाई हर्णैच्या. त्यांच्या लहानपणी कोकणबोट बंदराबाहेर उभी राहायची, माणसं पडावात उतरायची आणि त्यांना पाण्यातून खांद्यावर बसवून किनाऱ्यावर आणायचे. मी फोटो दाखवले तर म्हणाल्या, "तुम्हाला बोट लागली नाही?" मी म्हटलं, लागली की, वास्कोच्या धक्क्याला! बिचाऱ्या खरंच ओकाऱ्यांबद्दल विचारत होत्या. त्यावरून आठवलं, आल्याच्या वड्या घे.

आणि संध्याकाळी मुंबई सुटली की केबिनमध्ये आवरत बसू नकोस. डेकवर डाव्या हाताला उभी राहा. आपल्या मुळशी धरणाचं पाणी 1927 पासून डोंगर फोडून भिऱ्याला उतरतं, वीज करतं आणि कुंडलिकेतून रेवदंड्याला समुद्राला मिळतं. आपल्याआधी ते केव्हाच कोकणात पोचलंय. मला रेवदंडा काही ओळखू आलं नाही, नुसते दिवे होते. पण मी सगळ्याच दिव्यांना हात केला.

बरं, काजू आणू नकोस. माझेच अजून किलोभर पडलेत, खवट व्हायच्या आत येऊन घेऊन जा.